टिहरीच्या जलाशयाचे देणे

उत्तराखंडातील टिहरी धरणाच्या जलाशयावर आता पर्यटकांच्या नौका धावू लागल्या आहेत. कोटी कॉलनीच्या काठावरून वेगवान बोटी सुटतात, पाण्यावर तरंगत्या कुटी उभ्या आहेत. परिसराच्या पर्यटनविकासासाठी आशियाई विकास बँकेकडून कर्जही घेण्यात आले आहे. पहाडातील तरुणांना रोजगार हवा आहे. त्यामुळे या उपक्रमास सरसकट विरोध करणे उचित नव्हे. मात्र या जलाशयापासून मिळणाऱ्या उत्पन्नावर पहिला अधिकार कोणाचा, याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

भागीरथी आणि भिलंगना यांच्या संगमावर राजा सुदर्शन शाह यांनी १८१५ मध्ये टिहरी नगर वसविले. याच नगरातील कारागृहात, संस्थानी प्रजेच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या श्रीदेव सुमन यांनी ८४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ जुलै १९४४ रोजी देह ठेवला. सुंदरलाल बहुगुणांची प्रदीर्घ उपोषणेही धरण थांबवू शकली नाहीत. २००५ च्या अखेरीस शेवटचा बोगदा बंद झाला आणि राजधानीचे हे गाव, त्याचे घंटाघर, बाजारपेठ व भोवतालची शेते जलमय झाली. विस्थापित कुटुंबे नवी टिहरी, डेहराडून आणि हरिद्वारच्या परिसरात विखुरली. २६०.५ मीटर उंचीच्या या धरणाने देशाला वीज दिली, दिल्लीला पिण्याचे पाणी दिले. हा लाभ नाकारता येत नाही. त्याची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही.

ती किंमत अजून चुकती झालेली नाही. जलाशयाची पातळी वर्षभरात ८३० मीटरपासून ७४० मीटरपर्यंत खाली येऊ शकते. पाणी चढते तेव्हा काठाचे उतार भिजतात. ते ओसरले की आधार सुटलेली माती सरकू लागते. काठावरील गावांतल्या घरांना तडे जातात, रस्ते खचतात. प्रतापनगर भागाचे जुने रस्ते व पूल बुडाले. डोबरा-चांठी पूल खुला होण्यास नोव्हेंबर २०२० उजाडावे लागले. त्या काळात रुग्णाला इस्पितळात नेणेही लांबच्या वळणाचे झाले होते.

म्हणून तीन गोष्टी अनुदानाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बांधून द्याव्यात. नौकाविहार, प्रवेशशुल्क आणि निवासगृहांचे परवाने यांच्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा काठावरील ग्रामपंचायतींना मिळावा. परवाने देताना विस्थापितांच्या कुटुंबांना अग्रक्रम असावा. उतारांच्या भूगर्भीय पाहणीचे अहवाल ग्रामसभेपुढे ठेवल्यावाचून काठावर एकही नवी इमारत उभी राहू नये. सरकत्या जमिनीवर गावकऱ्यांचे घर धोकादायक ठरत असेल, तर तेथे पर्यटकांचे निवासगृह सुरक्षित कसे ठरेल?

इतिहासाचे ऋणही फेडायचे आहे. बुडालेल्या नगराचे नकाशे, छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी जतन करणारे संग्रहालय या काठावर हवे. त्या आठवणी सांगणारी पिढी वयोवृद्ध झाली आहे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. पर्यटकाने येथे अवश्य यावे, आनंद घ्यावा. पण आपली नौका एका नगरावरून जात आहे, हे त्याला ठाऊक असावे, आणि त्याने मोजलेल्या शुल्कातला काही भाग काठावरच्या तडा गेलेल्या घरापर्यंत पोहोचावा.