किल्ल्यावरचा शिलेदार

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या परसातली निम्मी माती किल्ल्याकडे जाते. यंदा बुरूज लिंपता लिंपता नातवंडांना नारळाखाली खारीचे पिल्लू सापडले. डोळे मिटलेले, अंगावर नावापुरती लव. पाच मिनिटांत त्याचे बारसे होऊन 'शिलेदार' हे नाव ठरले. दहाव्या मिनिटाला बुटांच्या खोक्याला भोके पडली आणि आमचे बंडोपंत स्वयंपाकघरात दूध मागू लागले.

"पाळू या ना, आजोबा! रामानंही खारीला हातात घेतलं होतं की!"

या युक्तिवादापुढे भलेभले वकील गप्प बसतील. आमची सौ. तर वाटी काढून मोकळीही झाली. मीच "थांबा" म्हणालो आणि तिघांच्याही नजरेत खलपुरुष ठरलो.

कारण सांगणे भाग होते. आठ वर्षांचा असताना मीही असेच एक पिल्लू पाळले होते. कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले, तेही मोठ्या मायेने. ते दूध त्या पोटाला सोसत नाही, आणि घाईने पाजलेला घोट छातीत उतरतो, हे आमच्या वाड्यात कोणाला ठाऊक? तिसऱ्या दिवशी सकाळी ते हललेच नाही. मी ते गुपचूप प्राजक्ताखाली पुरले आणि आईला सांगितले, पळून गेले. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती; सौ.लाही नाही.

थोडा वेळ कोणी बोलेना. मग नात हळूच म्हणाली, "पण आपण हात लावला ना! आता आई त्याला घेणार नाही."

हा समज घरोघर आहे, आणि तो खोटा आहे. माणसाचा वास लागला म्हणून खार पिल्लू टाकत नाही. पिल्लाला ऊब हवी आणि आईला वाट मोकळी हवी, एवढेच. (पाळण्याचे म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता आपला ओटीवरचा राघूचा पिंजरासुद्धा गुन्ह्यात जमा आहे!)

खोक्यात फडक्याची घडी घातली, तिच्याखाली कोमट पाण्याची बाटली ठेवली, आणि खोके झाकण न लावता नारळालगतच्या पेरूच्या बेचक्यात बांधले. शेजारचे मांजर हुसकले. मग आम्ही चौघे खिडकीमागे दबा धरून बसलो. तासभर नुसते कावळे. अखेर चिक्‌चिक्‌ करीत बाईसाहेब उतरल्या. खोक्यापर्यंत आल्या, घाबरून परतल्या, पुन्हा आल्या. पिल्लाला पोटाशी तोंडात धरले, त्याने तिच्या मानेला विळखा घातला, आणि दोघे सरसर वर गेली.

नातीने टाळ्या पिटल्या. बंडू मात्र रडला. "माझा शिलेदार गेला," म्हणून रात्री जेवलाही नाही नीट, आणि त्याची समजूत घालायला मला काही सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी तक्रार केली की नव्या पायपुसण्याचा काथ्या कोणीतरी उपसून नेतो आहे. बंडूने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.