हसणारा वर्ग आणि न हसणारे यंत्र

इंग्रजीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पंथ पडतात. एक म्हणतो, इंग्रजीवाचून तरणोपाय नाही. दुसरा म्हणतो, परकीय भाषेचे हे जोखड आता तरी फेकून द्या. शिरवळच्या विद्यार्थ्याला मात्र हा वाद घालीत बसण्याची चैन परवडणारी नाही. पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या दारावरून जातो, गावाच्या आसमंतात कारखाने उभे आहेत, आणि तिथे कार्यालयातल्या साध्या कामासाठी मुलाखतीला जायचे म्हटले, तरी पहिला प्रश्न इंग्रजीत येईल की काय, ही धास्ती मनात असतेच. त्या धास्तीपायी अर्जच न करणारे मित्र आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे आज बी. ए.च्या शेवटच्या वर्षात बसलेल्या विद्यार्थ्याने ही भाषा सलग पंधरा वर्षे अभ्यासली आहे. त्याला काळ ओळखता येतात, कर्तरीचे कर्मणी करता येते, निबंध पाठ असतात. मात्र ‘स्वतःविषयी दोन वाक्ये बोला’ म्हटले की घशाला कोरड पडते. हे असे का व्हावे?

या प्रश्नावर अलीकडे एक नवे उत्तर सुचविले जाते. ते म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, आपल्या भाषेत आभासी वास्तव. डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवायचा. आतील दोन भिंगांतून दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि मेंदू त्यांतून खोली असलेले एक दृश्य रचतो. मान वळवली की दृश्यही वळते. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली अमेरिकेत असे यंत्र तयार केले, तेव्हा ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाईल बसवून तीच गंमत स्वस्तात दाखविली. आता या चष्म्यातून इंग्रजी संभाषणाचे धडे मिळतात. आपण विमानतळावर, दुकानात किंवा मुलाखतीच्या खोलीत उभे असतो, आणि समोरची आभासी व्यक्ती बोलते, ऐकते व उत्तराची वाट पाहते.

मी असा चष्मा एका प्रदर्शनात दहा मिनिटे लावून पाहिला. समोर एक उपाहारगृह होते आणि वाढपी काय हवे ते विचारीत होता. माझे वाक्य अडखळले, दोनदा फिरून सुरू झाले, पण मी ते पूर्ण केले. तो शांत उभा होता. कुणी खाकरले नाही, कुणी कोपराने शेजाऱ्याला ढोसले नाही. मला त्या चित्रांपेक्षा ही शांतताच अधिक मोलाची वाटली.

स्टीफन क्रॅशन या भाषाशास्त्रज्ञाने मांडले आहे की मनात भीती आणि संकोच असला, तर कानावर पडलेली भाषा आत झिरपतच नाही. आपल्या वर्गाला हे तंतोतंत लागू पडते. कुणी उठून चार इंग्रजी शब्द उच्चारले आणि त्यात एक चुकला, की मागच्या बाकांवरून हशा येतो. बरोबर बोलला, तरी ‘साहेब झाला’ म्हणून टोमणा मिळतो. अशा वर्गात तोंड मिटून बसणे हेच शहाणपण ठरते. यंत्र चांगले शिकवते, त्याचे मोठे कारण मला तरी एवढेच दिसते की ते हसत नाही.

म्हणून चष्मे विकत घ्यावेत काय? माझा विरोध नाही. महाविद्यालयाला दोन-तीन संच मिळाले, तर ते ग्रंथालयात ठेवून पाळीपाळीने वापरावेत. परंतु दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. डोळ्यांना हालचाल दिसते आणि शरीर जागच्या जागी असते, या विसंगतीने पुष्कळांना मळमळते, तेव्हा एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरे. दुसरे असे की, मला दिसले ते उपाहारगृह परदेशातले होते. आपल्याला हवा आहे कारखान्याच्या फाटकावरचा प्रसंग, बँकेतला प्रसंग, परप्रांतीय ट्रकचालकाला खंबाटकी घाटाची वाट सांगण्याचा प्रसंग. असे धडे कोणी परदेशी कंपनी आपल्यासाठी लिहिणार नाही. ते आपणच लिहायला हवेत.

शिवाय भाषा अखेर माणसाशी बोलायची असते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्यांनी गावातल्या मुलांची संगणकाच्या पडद्यावरून दूरदेशीच्या मुलांशी गाठ घालून दिली. पडद्यापलीकडे खरी मुले होती, त्यांनाही आपले बोलणे समजावून घ्यायचे होते. आभासी वाढप्याला आपले काही जाणून घ्यायचे नसते, हा फरक लहान नव्हे.

मित्रांनो, आपल्यापासून थोड्याच अंतरावर नायगाव आहे. तिथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, कारण ज्यांना पिढ्यानुपिढ्या विद्येपासून दूर ठेवले त्यांना ही भाषा वर उचलील, असा त्यांचा विश्वास होता. शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. आपण दरवर्षी त्यांच्या प्रतिमेला हार घालतो, आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात अडखळणाऱ्या मुलीला हसतो. ते हसणे म्हणजे त्याच चिखलाचा एक शिंतोडा आहे, असे मी म्हटले तर ते फार कठोर होईल काय?

माझी सूचना साधी आहे. आठवड्यातून एक तास केवळ बोलण्याचा असावा. त्यात चुका दुरुस्त करायच्या त्या प्राध्यापकांनी, तासाच्या शेवटी, आणि नाव न घेता. कोणी हसले, तर पुढचे पाच मिनिटे त्यानेच बोलावे. चष्मे आले, तर लाजाळू मुलांना त्यात आधी तालीम करता येईल. परंतु चष्मा काढल्यावर समोर आपलाच वर्ग असणार आहे. तो वर्ग ऐकून घेणारा असला तरच त्या तालमीचा उपयोग, आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.