झोळीतील ऊब

हिवाळी पदभ्रमणास जाणारी आपली तरुण मंडळी हल्ली तंबूऐवजी दोन झाडांना झोळी, म्हणजेच हॅमॉक, बांधून निजतात. झोळी हलकी खरी. परंतु तीत थंडी खालून लागते. शरीराच्या भाराने स्लीपिंग बॅगचा भराव पाठीखाली दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि तिच्यासोबत ऊबही. म्हणून पाठीखाली फोमची चटई घालावी किंवा झोळीच्या बाहेरून, दबणार नाही अशी रजई टांगावी.

खरेदीपूर्वी भराव कशाचा, हे अवश्य विचारावे. सर्वांत हलका ‘डाउन’ म्हणजे बदकांची व हंसांची मऊ पिसे. अहिंसा मानणाऱ्या घराने कृत्रिम तंतूंचाच भराव घ्यावा. तो काहीसा जड असतो. मात्र ओलसर झाला तरी बरीच ऊब राखतो.

हे वाढलेले वजन इतरत्र वजा करावे. निजण्यासाठी कोरड्या कपड्यांचा एकच जोड आणि कानटोपी पुरे. उकळलेले पाणी धातूच्या बाटलीत घट्ट बंद करून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावे. सकाळी तेच पिण्यास होते. झाडाला मात्र रुंद पट्टेच बांधावेत. बारीक दोरी सालीत रुतते.

परिग्रह-परिमाणाचा हिशेब येथे उधारीवर चालत नाही. घेतलेली प्रत्येक वस्तू स्वतःच्याच खांद्यावर वाहावी लागते.