ध्वनिमुद्रणाचा जमाखर्च

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे मराठी सांगते, आणि ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ असे कन्नड. भाषा दोन, शहाणपण एकच. सीमाभागातल्या आम्हा मुलांना ते दोन्हीकडून ऐकायला मिळते. तरीही घरच्या खोलीत गाणी ध्वनिमुद्रित करण्याची हौस उपजली की आम्ही ते साफ विसरतो.

बेळगाव-निपाणीकडे गावोगावी भजनी मंडळे आहेत, कॉलेजात गाणारी मुले आहेत. अडते ते सॉफ्टवेअरवर. मोठ्या स्टुडिओंत प्रो टूल्स वापरतात, म्हणून आम्हालाही तेच हवे. त्याची वर्षाची वर्गणी झेपत नाही. मग कुणीतरी पेन ड्राइव्हमधून कुलूप तोडलेली प्रत आणून देतो आणि ‘फुकटात काम झाले’ म्हणून मंडळी खूश होतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला हा हिशेबच खोटा वाटतो. ज्या मालाची पावती नाही, त्याची हमीही नाही. अशा प्रतीबरोबर व्हायरस येतो, सुधारित आवृत्ती मिळत नाही, आणि शेवटी ती चोरीच.

वर्गणीचे सॉफ्टवेअर म्हणजे भाड्याचे घर. भाडे थकले की दार बंद, आणि आपले सामान आत! ज्याचा व्यवसायच ध्वनिमुद्रणाचा आहे त्याने ते खुशाल घ्यावे. त्याचा खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल होतो. आपले गिऱ्हाईक कोण?

मग करावे काय? ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून सर्वांना मोफत आणि राजरोस मिळते. विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर ते चालते. एक गायक, एक पेटी, एक तबला एवढ्या कामाला ते पुरून उरते. अनेक वाद्ये वेगवेगळी घेऊन बारकाईने जुळवायची असतील तर रीपर पाहावे. ते साठ दिवस वापरून बघता येते, आणि घरगुती वापरासाठी त्याचा परवाना साठ डॉलरला, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास मिळतो. तोही एकदाच भरायचा. पाच मित्रांनी एकाच संगणकावर मिळून काम करायचे ठरवले तर वाट्याला हजार रुपये येतात.

काही मित्र म्हणतात, ‘फुकटाला किंमत नसते.’ पण आवाज चांगला येतो तो माइकमुळे, शांत खोलीमुळे आणि रियाजामुळे. भिंतींवर गोधड्या टांगा, टाळकऱ्यांना चार पावले मागे उभे करा, आवाजाची पातळी जपून ठेवा. आत घेतानाच फाटलेला आवाज पाच हजारांचे सॉफ्टवेअरही धड शिवत नाही आणि पन्नास हजारांचेही नाही. म्हणून सॉफ्टवेअरवर वाचलेला पैसा माइकवर घालावा, हा माझा सरळ ताळेबंद आहे.

आणि हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या; २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात. आपल्याकडे मराठी ओव्या आहेत तशीच कन्नड ‘बीसुकल्लिन पद’ही आहेत. जाते पिठाच्या गिरणीने केव्हाच मागे टाकले. गाणाऱ्या आज्या थकल्या आहेत. पुढच्या वर्षी चांगले सॉफ्टवेअर घेऊ म्हणून आपण थांबलो, तर त्या आपल्यासाठी थांबणार आहेत का?

अशा कामाला महागड्या यंत्रणेची गरजच नाही. एका माइकचे तासाभराचे उत्तम ध्वनिमुद्रण सव्वातीनशे एमबीत मावते. ते वाव्ह या साध्या स्वरूपात जपून ठेवावे, म्हणजे वीस वर्षांनी सॉफ्टवेअर बदलले तरी आवाज उघडेल. एक प्रत आपल्याजवळ, दुसरी गाणाऱ्या घरी द्यावी. आणि मुद्रण करण्याआधी आजीला विचारावे, कारण ठेव तिची आहे.

तेव्हा मित्रहो, सॉफ्टवेअर निवडताना त्याचे नाव किती मोठे, हे पाहू नका. ते घेतल्यावर माइकसाठी किती पैसे उरतात आणि मुद्रित केलेले गाणे उद्या कोणाला उघडता येईल, एवढेच पाहा. या सुट्टीत मराठी विभागातल्या एकाने आणि कन्नड विभागातल्या एकाने मिळून एक माइक घ्यावा, आणि आपापल्या आजीसमोर बसावे. पुढच्या अंकाला दोन्ही विभागांत छापण्याजोगे पुष्कळ काही मिळेल.