ग्राहकाची वही कोणाच्या हाती?

गावातल्या वाण्याजवळ उधारीची वही असते. कोणाच्या घरी लग्न निघाले आहे, कोणाचा ऊस कारखान्याला गेला पण बिल हाती आलेले नाही, हे सारे त्याला ठाऊक असते आणि या ज्ञानाचा तो धंद्यासाठी उपयोगही करतो. परंतु गिऱ्हाइकालाही वाणी ठाऊक असतो. शेजाऱ्याला साखर काय भावाने पडली, हे चावडीवर कळतेच. ज्ञान दोन्ही बाजूंना असते. बड्या व्यापारी कंपन्यांनी आज जी नवी वही उघडली आहे, तिच्यात ही दुसरी बाजूच उरलेली नाही.

या वहीचा इतिहास अर्ध्या शतकाचा आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी, एका दुकानात च्युइंगगमच्या पुडक्यावरील बारकोड यंत्राने प्रथम वाचला. वॉलमार्टने १९८७ मध्ये आपली दुकाने उपग्रहाच्या जाळ्याने जोडली. ब्रिटनमध्ये टेस्कोने १९९५ साली क्लबकार्ड काढले आणि मालाच्या हिशेबाला माणसाचे नाव चिकटले. तरीही विक्री, गोदाम आणि तक्रारी यांचे हिशेब बहुधा वेगवेगळे राहत. त्यांची जुळणी मागाहून होई. आता हे सारे घडेल त्या क्षणी एकाच साठ्यात येऊन पडते. ग्राहक कोणत्या वस्तूपाशी रेंगाळला, कोठे त्याने हात आखडला, तो कोणत्या वस्तीत राहतो, हे जोडून पाहून पुढच्याच क्षणी त्याला कोणती जाहिरात आणि किती सवलत दाखवावयाची, हे यंत्र ठरविते.

याला ग्राहकसेवा म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे नव्हे. मागणी वेळीच कळली तर माल गोदामात कुजत नाही, वाहतुकीचा खर्चही वाचतो. प्रश्न आहे तो या लाभाच्या वाटणीचा. ए. सी. पिगू यांनी १९२० च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात भावभेदाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात विक्रेता प्रत्येक गिऱ्हाइकाकडून, ते देऊ शकेल तेवढी कमाल किंमत वसूल करतो. दीर्घकाळ ही पाठ्यपुस्तकातील कल्पना मानली गेली. कारण प्रत्येकाची निकड विक्रेत्याला कळणार कशी? ती कळण्याचे साधन आज तयार झाले आहे. ज्याची निकड मोठी, त्याला सवलत लहान, हा न्याय बाजारात रुजण्याचा धोका त्यामुळे काल्पनिक राहिलेला नाही.

धोका केवळ ग्राहकालाच आहे असेही नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपीय आयोगाने अ‍ॅमेझॉनवर प्राथमिक आक्षेप ठेवला, तो असा की, तिच्या बाजारपेठेत बसणाऱ्या स्वतंत्र विक्रेत्यांच्या अप्रकाशित व्यवहारांची माहिती ती स्वतःच्या विक्रीसाठी वापरते. डिसेंबर २०२२ मध्ये ही माहिती तशी न वापरण्याचे बंधन कंपनीने स्वीकारले आणि आयोगाने ते सक्तीचे केले. बाजाराचा मालक आणि बाजारातला स्पर्धक एकच असला, तर लहान दुकानदाराचे काय होते, हे यावरून ध्यानी यावे.

मग यंत्रच मोडावयाचे काय? मुळीच नाही. चिलीमध्ये साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने १९७१ पासून स्टॅफर्ड बिअर यांच्या साहाय्याने ‘सायबरसिन’ योजना उभारली. कारखान्यांतील उत्पादनाची माहिती टेलेक्सने रोजच्या रोज सांतियागोला यावी आणि तुटवडा वेळीच भरून निघावा, हा तिचा हेतू. ऑक्टोबर १९७२ च्या मालमोटार मालकांच्या संपात पुरवठा चालू ठेवण्यास या टेलेक्स जाळ्याचा उपयोग झाला. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाबरोबर ती योजना संपली; परंतु ताज्या माहितीचा साठा नफ्याऐवजी गरजेच्या सेवेला जुंपता येतो, हा धडा उरला.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मुख्यतः व्यक्तीच्या संमतीवर उभा आहे. पण एकट्या ग्राहकाची संमती ही एकट्या मजुराच्या करारासारखीच असते. कागदावर स्वतंत्र, व्यवहारात अगतिक. मजुराने या अगतिकतेवर संघटनेचा उपाय शोधला. तोच येथे लागू आहे. ग्राहक भांडारे, किराणा दुकानदारांच्या संघटना आणि घरपोच माल पोचविणाऱ्या कामगारांच्या युनियन यांनी एकत्र येऊन तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत: दाखविलेला भाव व्यक्तिगत माहितीवरून ठरला असल्यास तसे सांगण्याची सक्ती, विक्रेत्याच्या माहितीचा त्याच्याच विरुद्ध वापर करण्यास बंदी, आणि संघटनांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क.

वही कोणी लिहावी, हा तंत्रज्ञांचा प्रश्न असेल. ती कोणासमोर उघडावी लागेल, हा मात्र राजकारणाचा प्रश्न आहे, आणि तो कार्यकर्त्यांनीच हाती घ्यावयाचा आहे.