गरजा कुणाच्या, विचारल्या कुणाला?

गेल्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्रात एका कंपनीची दोन मुलं आली. केंद्राच्या नोंदी आता संगणकावर जाणार, त्यासाठी 'गरजा समजून घ्यायला' आली होती. अध्यक्षांच्या खोलीत दोन तास बैठक झाली. अहवाल किती लागतात, देणगीदारांना कोणते आकडे द्यावे लागतात, दर महिन्याला की तिमाहीला, सगळं त्यांनी टिपून घेतलं. चौदा वर्षं येणाऱ्या प्रत्येक बाईसमोर सतरंजीवर बसून जिने नोंदवही लिहिली, ती आमची कार्यकर्ती मध्ये एकदाच आत आली. चहाचा ट्रे घेऊन. तिला कुणी एक प्रश्न विचारला नाही. मीही नाही. आणि माझं तर पोटच या कामावर चालतं! वीस वर्षं मी अशाच व्यवस्था आखून देण्याची नोकरी करते. म्हणून हा लेख. राग इतरांवर आहे, तितकाच स्वतःवरही आहे.

मैत्रिणींनो, गरजा गोळा करण्याच्या पद्धती आमच्या धंद्यात ठरलेल्या आहेत. मुलाखत घ्यायची, प्रश्नावली वाटायची, जुने कागद वाचायचे, काम चालू असताना शेजारी बसून बघायचं, सगळ्यांना एकत्र बोलवायचं, कच्चा नमुना करून हातात द्यायचा. पुस्तकात या सगळ्या सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक पद्धत कुणाचं तरी ऐकते आणि कुणाच्या तरी बाबतीत बहिरी असते. ज्याला अहवाल हवा, त्याची मुलाखत सोपी. त्याच्याकडे वेळ असतो, खोली असते, शब्द असतात. जी नोंद भरते, तिची गरज तिच्या हातांत असते. ती कळायला शेजारी बसावं लागतं.

आठवड्याने नमुना आला. नाव, वय, लग्नाची तारीख, फोन नंबर. नंबर भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भेटीच्या आदल्या दिवशी त्या नंबरवर आपोआप निरोप जाणार. केवढी सोय! मी तो नमुना कार्यकर्तीपुढे धरला. ती काहीच बोलली नाही. कपाटातून नोंदवही काढली आणि समासात पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी दाखवल्या. 'फोन करू नये, नवरा उचलतो.' 'निरोप शेजारणीकडे.' 'फक्त मंगळवारी, बाजाराला येते तेव्हा.' या समासाला नव्या व्यवस्थेत जागाच नव्हती. त्या आपोआप जाणाऱ्या निरोपापायी कुणी तरी मार खाल्ला असता. आणि आम्हाला ते कधी कळलंही नसतं, कारण ती बाई पुन्हा आलीच नसती.

खाली 'निकाल' असा रकाना. समझोता झाला, कोर्टात गेले, प्रकरण बंद. तीनच पर्याय. भावाने ठेवून घेतलं नाही म्हणून मुकाट्याने सासरी परतलेली बाई कुठे बसवायची? 'समझोत्या'त. आणि वर्षाअखेरी तोच आकडा आपण यश म्हणून छापायचा! जनगणनेत घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' ठरते म्हणून आपण किती वर्षं भांडतो आहोत. रकाना कोण आखतं हा राजकीय प्रश्न आहे, हे आपणच लोकांना सांगितलं. आता आपल्याच केंद्रात विसरलो?

सरकारचा अनुभव वेगळा नाही. मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप आलं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले. फोनची क्षमता अपुरी, वारंवार बंद पडणारे, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, आणि माहिती भरायची ती इंग्रजीतून! यांतली एकही अडचण गुप्त नव्हती. एखाद्या अंगणवाडीत चार दिवस बसलं असतं तर दिसली असती. पण दिल्लीला आकडा हवा होता. ज्या हातांनी तो भरायचा, ते हात फोन परत करू लागल्यावरच दिसले.

वेगळं घडू शकतं. १९८० च्या दशकात ओस्लो विद्यापीठातल्या ग्रू ब्यर्कनेस आणि टोने ब्राटेटाइग या दोघींनी 'फ्लॉरेन्स' नावाचा प्रकल्प केला. परिचारिकांच्या रोजच्या कामाला उपयोगी पडेल अशी संगणक व्यवस्था त्यांना हवी होती. त्यांनी सुरुवात परिचारिकांचं काम समजून घेण्यापासून केली. आपल्याला संगणक कळतो, परिचारिकांना शुश्रूषा कळते, दोघींनी एकमेकींकडून शिकायचं, ही त्यामागची भूमिका. मोठ्या साहेबाच्या अहवालाऐवजी परिचारिकेच्या हातातला रोजच्या कामाचा कागद तिथे महत्त्वाचा ठरला.

यावर आपल्याच बैठकीत काय ऐकू येतं? 'ताईंना संगणकातलं काय कळतं?' संगणक कळणं हे माझं काम आहे, त्याचा मला पगार मिळतो. नवऱ्याच्या नकळत बाईपर्यंत निरोप कसा पोचवायचा, हे ताईंना कळतं. ते मला येत नाही, कंपनीच्या मुलांना येत नाही, अध्यक्षांनाही येत नाही. 'एवढा वेळ कुठे आहे?' असंही म्हणतात. चुकीची व्यवस्था झाल्यावर वहीत एकदा आणि संगणकात एकदा अशी दुप्पट नोंद करायला कार्यकर्तीचा वेळ मात्र असतो!

म्हणून माझं म्हणणं असं. पहिली भेट नोंद लिहिणारीची घ्यावी, अहवाल वाचणाऱ्याची नंतर. व्यवस्था आखणाऱ्याने निदान आठवडाभर तिच्या शेजारी बसावं, पण सल्ल्याला आलेल्या बाईच्या संमतीशिवाय नाही. तिची कहाणी ऐकायला नाही, नोंद कशी होते ते पाहायला. जुन्या वह्या वाचाव्यात, समासासकट. नमुना आधी कागदावर काढून तिच्या हातात लाल पेन्सिल द्यावी, आणि तिने खोडलेलं खोडलेलंच राहावं. या वेळेचे तिला पैसे द्यावेत. आणि प्रत्येक रकाना कोरा ठेवण्याचा हक्क येणाऱ्या बाईला असावा.

आमच्या केंद्रात कंपनीची मुलं पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत. बैठक सतरंजीवर होईल. चहा मी करणार आहे.