घरच्या जनरेटरला परवाना लागतो का?

प्रति,
मा. मुख्य विद्युत निरीक्षक, महाराष्ट्र शासन, मुंबई
प्रत : महावितरण, परभणी मंडळ कार्यालय



शीर्षकातला प्रश्न साधा आहे. दुकानदाराला विचारला की तो म्हणतो, ‘काही लागत नाही, घेऊन जा.’ घरचं फिटिंग करणारा म्हणतो, ‘ऑफिसात विचारा.’ कोणत्या ऑफिसात, ते तो सांगत नाही. म्हणून थेट आपल्यालाच लिहितो आहे.

जनरेटर हा आमच्या परभणी जिल्ह्यात शौक राहिलेला नाही. मे महिन्यात पारा ४४च्या वर जातो आणि त्याच दिवसांत वळवाचा पाऊस तारांवर झाडं पाडतो. डीपी (रोहित्र) जळाली तर लाईट कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. करोनानंतर अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. मिनिटाला ५ लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट ओढतं. १५० एएचच्या एका बॅटरीवरचा इन्व्हर्टर त्याला तीन-साडेतीन तास पुरतो, तेही बॅटरी नवी असेल तर. पुढे काय?

आता कायदा. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ९नुसार स्वतःच्या वापरापुरती वीज कुणीही तयार करू शकतो. यंत्र सुरू करण्याआधीची तपासणी ही मात्र वेगळी गोष्ट. १९५६च्या भारतीय वीज नियमांत ४७-अ हा नियम होता. जनरेटर सुरू करण्याआधी ३० दिवस वीज कंपनीला आणि निरीक्षकाला कळवायचं, आणि यंत्र १० किलोवॅटच्या वरचं असेल तर निरीक्षकाच्या लेखी मंजुरीशिवाय ते सुरूच करायचं नाही. कुणालाही एका दमात समजेल असा नियम! पुढे २०१०मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले आणि ही मर्यादा सरकारी अधिसूचनेनं ठरवायची असं झालं. २०२३मध्ये त्यांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. आता सेलूच्या किंवा पालमच्या माणसानं आपल्या घराला काय लागू आहे हे शोधायला राजपत्र कुठे धुंडाळायचं?

 

१० किलोवॅट म्हणजे मोठा बंगला किंवा छोटा दवाखाना. मला भीती वाटते ती त्याच्या कितीतरी खालच्या यंत्रांची. पेट्रोलवरचा दोन-अडीच केव्हीएचा जनरेटर घेणारा चेंजओव्हर स्विचचे, म्हणजे घर एका वेळी लाईनवर किंवा जनरेटरवर यांपैकी एकावरच ठेवणाऱ्या स्विचचे, पैसे वाचवतो. दोन्ही टोकांना टॉप (प्लग) लावलेली एक वायर करतो. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, आणि घरात उजेड. मेन स्विच पाडायचा राहिला, तर ही वीज सर्व्हिस वायरवरून उलटी खांबावर जाते. सगळी गल्ली त्या यंत्रावर आली तर ते गुदमरून बंद पडतं, हे खरं. पण तार तुटून दोन-चार घरांचा तुकडा वेगळा पडला असेल, तर ते चालूच राहतं. त्याच वेळी ती तार जोडायला महावितरणचा जनमित्र (लाईनमन) खांबावर चढलेला असतो. शेतातली एचव्हीडीएसची (उच्चदाब वितरण प्रणालीची) डीपी तर एक-दोन पंपांपुरतीच असते. ११ हजार व्होल्ट उतरवणारी ही डीपी उलट्या बाजूनं आलेली वीज तितकीच चढवते. वरून लाईन बंद केली म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की लहान यंत्रांना परवाना नको, पण चेंजओव्हर सक्तीचा करा. दुकानाच्या बिलात जनरेटरसोबत तो असलाच पाहिजे, आणि बसवणारा परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा माणूस असला पाहिजे. ग्राहकानं महावितरणच्या शाखा कार्यालयात एका पानावर फक्त कळवावं आणि जनमित्रानं येऊन, पैसे न घेता, जोडणी पाहून जावी. नवा कागद म्हणजे चिरीमिरीची नवी खिडकी, असं कुणी म्हणेल आणि ते खोटंही नाही. म्हणूनच इथे ‘मंजुरी’ हा टप्पा ठेवू नका. मोठ्या यंत्रांसाठी मर्यादा किती, फी किती, तपासणी किती दिवसांत, हे एका पत्रकात सांगा. थ्री फेजला चार पोलचा चेंजओव्हर, जनरेटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग आणि ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, हेही त्यातच येऊ द्या.

बाकीच्या शंका दोन ओळींत मिटतील. डिझेलसाठी घरगुती ग्राहकानं घाबरायचं कारण नाही. २,५०० लिटरपर्यंत, एका टाकीत १,००० लिटरच्या वर नसेल तर, पेट्रोलियम कायद्याचा परवाना लागत नाही. १ जानेवारी २००५पासून बनलेल्या डिझेल जनरेटरचा आवाज आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा आणि धुराचे नवे निकष १ जुलै २०२३पासून लागू आहेत. हे बनवणाऱ्यानं पाळायचं. ग्राहकानं तसं प्रमाणपत्र मागायचं आणि रात्री दहानंतर वस्तीत मर्यादा ४५ डेसिबलची आहे हे ध्यानात ठेवायचं. यंत्र बंद खोलीत ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे मात्र ठळक अक्षरांत छापा.

एवढं सगळं एका पानात, मराठीत मावतं. ते जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत, बिल भरण्याच्या खिडकीशेजारी लावावं, आणि जनरेटर विकणाऱ्या प्रत्येक दुकानात त्याची एक प्रत द्यावी. वळवाचे दिवस सुरू व्हायच्या आत झालं तर बरं.

आपला,
परभणी जिल्ह्यातील एक वीजग्राहक